शनिवारची ओटी

"मॅडम, चार जास्त आहेत," ड्रायव्हर फोनवर म्हणाला.

"जास्त म्हणजे? गाडी माणहून निघाली तेव्हा तर बरोबर होते."

"फाट्यावर चढल्या. साड्यावाल्या बायका आहेत. म्हणतात, मॅडमला माहितीय."

मॅडमला, म्हणजे मला, काहीही माहीत नव्हतं. मी देवळापाशी सतरंजी अंथरून घेत होते. आमच्या धंद्यात पाहुण्यांना 'पॅक्स' म्हणतात. पॅक्स म्हणजे डोकी. कमी आली तर फारसं बिघडत नाही, पण जास्त आली की खुर्च्या, जेवण, इन्शुरन्स, सगळ्याचा घोळ होतो.

बस आली. कंपनीचे टी-शर्ट घातलेली आयटीतली मंडळी उतरली आणि त्यांच्या मागोमाग याच गावातल्या चार बायका उतरल्या. त्यांतल्या वैशालीने सकाळीच मला चहा दिला होता. चौघींनी पदर सारखे केले आणि स्वागताच्या रांगेत गुमान उभ्या राहिल्या.

"वैशाली, तू इथलीच ना?"

"व्हय."

"मग फाट्यापर्यंत चालत जाऊन बसमधून परत कशाला आलीस?"

"वटी भरून घ्यायला," ती म्हणाली आणि रांगेबरोबर पुढे सरकली.

पुढे पाटावर इंदूताई होत्या. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. त्यांनी पाहुण्यांची ओटी भरली, या चौघींचीही भरली. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, दुनियेची वटी भरते म्या. माझ्या पूजाची भरू देतील का?"

पूजा त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. इंदूताईंचे मालक चार वर्षांपूर्वी चाकणच्या रस्त्यावर गाडीखाली गेले. या प्रश्नाचं उत्तर सोपं का नव्हतं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी चिंचवडच्या एका छोट्या टूर कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर आहे. हिंजवडी, माण, चाकण इथल्या कंपन्यांच्या लोकांना आम्ही शनिवारी एका दिवसासाठी गावात नेतो. बैलगाडी, पिठलं-भाकरी, भजन, संध्याकाळी परत. गावाचं नाव सांगत नाही. चाकणच्या पुढे कंपन्यांच्या कंपाउंड भिंती संपल्या की डोंगराकडे जो रस्ता वळतो, त्या बाजूचं आहे एवढं धरून चला.

रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, मी गेले तेव्हा मला वाटलं की इथे दाखवण्यासारखं काही नाही. स्लॅबची घरं, दारात बुलेट, निम्मी माणसं शिफ्टला आणि उरलेली शिफ्टवरून येऊन झोपलेली. मी निघाले तेवढ्यात बचत गटाच्या बायकांनी मला थांबवलं, हळदीकुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. "पाव्हणी मोकळी जायाची न्हाई आमच्यात," गटाच्या प्रमुख सुमनताई म्हणाल्या. मी माझे बॉस केतन सर यांना फोटो पाठवला. लगेच फोन आला, "हाच आपला वेलकम. हे दुसऱ्या कोणाकडे नाहीये."

मी पिंपरीची. आम्ही बौद्ध. आमच्या घरी ओटी वगैरे नाही. वडील गेले तेव्हा आत्या आईच्या कपाळाची टिकली काढायला पुढे झाली होती. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, राहू दे. तो विषय तिथेच मिटला. त्यामुळे ओटी हा माझ्या दृष्टीने चहाच्या आधीचा एक आयटम होता, यापेक्षा जास्त काही नाही.

सुमनताई या इंदूताईंच्या थोरल्या जाऊबाई. गटात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. इंदूताई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या, पण ओटीच्या वेळी चुलीपाशीच थांबायच्या. विधवांच्या बाबतीतल्या जुन्या प्रथा बंद केल्याचा ठराव ग्रामपंचायतीने केलेला आहे. तशी पाटीच शाळेच्या भिंतीवर आहे. मी एकदा सुमनताईंना त्या पाटीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "हाय की पाटी. कोन न्हाई म्हनतंय?"

एका शनिवारी परदेशी इंजिनियरांच्या बायकांचा ग्रुप होता. सुमनताई आणि बाकीच्या बायका शेजारच्या गावात दहाव्याला गेल्या होत्या आणि येताना चाकण चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या. पाहुण्या उन्हात उभ्या. केतन सर फोनवर, "प्रज्ञा, वेलकम स्किप करायचा नाही. क्लायंटने तेच बघून बुकिंग केलंय."

मी स्वयंपाकघरात गेले. "इंदूताई, आज तुम्ही भरता का?"

"म्या? न्हाई ओ ताई. मला चालत न्हाई."

"त्या बाहेरच्या आहेत. त्यांना यातलं काही कळत नाही."

"त्यांना न्हाई कळत. मला कळतं ना."

त्यांनी भाकरी उलटली, तव्यावरून काढली. मग विचारलं, "बाया उन्हात थांबल्यात का?"

"हो."

त्यांनी हात धुतले. ताट उचललं आणि तशाच थबकल्या. मग करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावलं. मी त्यांना असं काही करायला सांगितलं नव्हतं. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "मोकळ्या कपाळानं वटी भरू न्हाई."

नियम मोडायला निघालेली बाई आधी नियमाप्रमाणे तयार झाली. मला हसावं की रडावं ते समजेना.

त्या दिवशीसारखा वेलकम मी आधी बघितला नव्हता. बाकीच्या बायका रांग पुढे ढकलायच्या. इंदूताई प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून नारळ, तांदूळ, खण घालायच्या आणि "सुखी राहा" म्हणायच्या. एका पाहुणीने त्यांना मिठीच मारली. दोन दिवसांनी क्लायंटचा निरोप आला की पुढच्या ग्रुपलाही त्याच बाई हव्यात.

सुमनताई परत आल्या तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी जावेच्या कपाळाकडे बघितलं. "बस गेली का?"

"गेली."

"मग पूस."

इंदूताईंनी पदराने कपाळ पुसलं आणि भांडी घासायला बसल्या. पुढच्या शनिवारी सुमनताईंनीच त्यांच्या हातात ताट दिलं. मी विचारलं, चालतं का आता? त्या म्हणाल्या, "कार्यक्रमातलं हाय ते. ते काय खरं थोडंच? नाटकात राजा झाला म्हनून कुनी राजा व्हतो का?" खरं सांगायचं तर दर शनिवारी एवढ्या ओट्या भरून बाकीच्या बायकांचं कंबरडं मोडत होतं. सगळ्यांची सोय झाली. गावाने त्याला 'शनवारचं कुंकू' असं नाव देऊन टाकलं. बस दिसली की लावायचं, बस वळली की पुसायचं. पुढे त्याच्या जोडीला हिरव्या बांगड्याही आल्या.

घरी आईला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "म्हणजे आठवड्यातून एक दिवस तिला माणसात घेतात, ते पण लोकांना दाखवायला." मला राग आला. मग वाटलं, ती बरोबर बोलतेय. मग पुढच्या शनिवारी इंदूताईंचा पाटावर बसलेला चेहरा बघितला आणि वाटलं, आई चुकतेय. असं माझं किती तरी आठवडे चाललं होतं.

त्यात कोमल आली. कोमल ही सुमनताईंची मुलगी. सासर चिंचवडला, नोकरी माणला आयटीत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू होती. तिच्याच कंपनीची आउटिंग आमच्याकडे आली आणि ती गळ्यात आयकार्ड अडकवून स्वतःच्या गावात पाहुणी म्हणून उतरली. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा इंदूताईंचा हात तिथेच थांबला. माहेरवाशिणीची ओटी. ही काही नाटकातली नव्हे.

"भर की काकू," कोमल ओढणी पसरून म्हणाली. "मी आज कंपनीची आहे."

इंदूताईंनी भरली. सुमनताई दारात उभ्या होत्या. कंपनीची एचआर व्हिडिओ काढत होती, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. बस गेल्यावर मात्र त्यांनी मला गाठलं.

"मॅडम, ही वटी कार्यक्रमातली धरायची का खरी?"

"मी कसं सांगू?"

"कार्यक्रम तुमचा हाय ना? मग कोन सांगनार?"

मी एमबीए केलंय. टुरिझममध्ये इतकी वर्षं काढलीत. या प्रश्नाला काय म्हणायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. "बसमधून आली म्हणजे कार्यक्रमातली," मी काहीतरी बोलून मोकळी झाले. सुमनताईंना ते एकदम पटलं आणि गावात तोच नियम झाला. बसमधून येईल तिची ओटी इंदूने भरायला हरकत नाही.

काही महिन्यांनी कोमलला दिवस गेले.

ती ट्रीटमेंट घेत होती हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी बायकांनी दोन आणि दोन चार केलेच. ओटी बसमधून आलेल्या कोमलची, भरली इंदूने, आणि लागू पडली. गावच्या लेकीसुनांना इंदूताईंकडून ओटी भरून घ्यायची होती, पण नियम तर बसचा. म्हणून वैशाली आणि बाकीच्या तिघी फाट्यापर्यंत चालत गेल्या आणि बसमध्ये चढल्या.

मी इंदूताईंना विचारलं, तुमचा विश्वास आहे का यावर? त्या म्हणाल्या, "न्हाई ओ. कोमलला गोळ्या लागू पडल्या. पन यांना न्हाई म्हनलं तर म्हनतील, इंदी लय भाव खाती." केतन सरांना कळवलं तर आधी ते भडकले की लोकल्सना फुकट का बसवते. मग फोटो बघितले आणि म्हणाले, "साड्यांमुळे फ्रेम भरलेली दिसते. राहू दे."

आणि आता पूजाचं लग्न. पूजा चाकणला एका कंपनीत लाइनवर काम करते, नवरामुलगा जुन्नरकडचा. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, कन्यादान सुमनताई आणि त्यांचे मालक करतील, पाठवणीच्या वेळी ओटीही सुमनताईच भरतील. इंदूताईंनी जावेला एकदा विचारून बघितलं. 'लगीन काय कार्यक्रम हाय का?' असं उत्तर मिळालं. ज्या बाईच्या हातची ओटी मिळावी म्हणून सुना बसमध्ये चढत होत्या, तिला स्वतःच्या लेकीच्या लग्नात मागे उभं राहायचं होतं. मी चिडले होते. पण चिडायचं कोणावर, हे ठरत नव्हतं.

मग एक दिवस सुमनताई आमच्या चिंचवडच्या ऑफिसात आल्या. एकट्या, हातात शेंगांची पिशवी. मला वाटलं, शनिवारचं काही काम असेल.

"मॅडम, पूजाच्या लग्नाला तुमची बस पायजे."

"वऱ्हाडासाठी का? ट्रॅव्हल्सवाला ओळखीचा आहे, त्याला सांगते."

"वऱ्हाडाला न्हाई. पाव्हणे घेऊन या. धा-वीस असले तरी चालतील." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "बस आली म्हंजी कार्यक्रम झाला. मग इंदीनं कुंकू लावून पूजीची वटी भरली तर कुनी तोंड वर करून बोलनार न्हाई. मीबी न्हाई."

या बाईने स्वतःच्या जावेला चार वर्षं चुलीपाशी बसवलं होतं आणि आता तिच्यासाठीच चिंचवडला येऊन पळवाट शोधत होती. नियम मोडायची हिंमत नव्हती, पण जावेचं दुःखही बघवत नव्हतं. यांना कठोर म्हणावं की मायाळू?

केतन सर केबिनमधून सगळं ऐकत होते. ते बाहेरच आले. "काकू, उत्तम आयडिया. रिअल व्हिलेज वेडिंग! प्रज्ञा, दोन क्लायंटना आजच मेल टाक." त्यांचा आनंद बघून सुमनताईही खूश झाल्या. फक्त मला ते पटेना. आईला लेकीची ओटी भरता यावी म्हणून कॅमेरे घेतलेली परकी माणसं बोलवायची. आणि नाही बोलवली, तर आईला ती ओटी भरता येणार नाही. दोन्ही बाजूंनी मी फिरून तिथेच येत होते.

दुसऱ्या दिवशी गावी गेले. इंदूताई गव्हातले खडे निवडत होत्या. मी बसचं सांगितलं. त्यांना सुमनताईंनी आधीच सांगितलं होतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"आक्का भली बाई हाय. माझ्यासाठी एवढी चिंचवडला गेली." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "पन ताई, बस नगं."

"का?"

"पाव्हण्यांची वटी भरते ती शनवारची. ती पुसून टाकायची असती. माझी पोरगी पाव्हणी हाय का?"

"मग ओटी सुमनताई भरतील."

"बघू," एवढंच म्हणाल्या.

मी केतन सरांना फोन केला. त्यांनी तोवर एका क्लायंटला होकार देऊन ठेवला होता. "तू इमोशनल होतेस प्रज्ञा. घरातल्यांना हवंय, आपल्याला हवंय, मग अडचण काय?"

"जिचं लग्न आहे तिच्या आईला नकोय सर."

"काल तर हवं होतं."

"काल दुसऱ्या बाईंनी मागितलं होतं."

बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण बस रद्द झाली. क्लायंटला मी हुरडा पार्टी देऊन समजावलं. हा आमच्या भाषेत 'फिलर', म्हणजे रिकामी जागा भरायचा आयटम.

लग्नाला मी एकटी गेले, माझ्या स्कूटरवर. कन्यादान ठरल्याप्रमाणे सुमनताईंनी आणि त्यांच्या मालकांनी केलं. इंदूताई कुठे दिसल्या नाहीत. पाठवणीची वेळ झाली, पूजा मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. सुमनताई ताट घेऊन आल्या, पण हात पुढे करीनात. नुसत्या उभ्या राहिल्या. मला आधी वाटलं, काही विसरलं असेल.

इंदूताई घरातून बाहेर आल्या. नवी साडी. हात मोकळे, कपाळ मोकळं. बाजेवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं, निदान कुंकू तरी लाव." शनिवार सोडून जिने इंदूताईंना कधी कुंकू लावू दिलं नसतं, तीच हे म्हणत होती.

"न्हाई मावशी," इंदूताई म्हणाल्या. "ते शनवारचं हाय. ह्यो माझा वार न्हवं."

त्यांनी ताटातला नारळ उचलला. सुमनताईंनी ताट त्यांच्या हातात दिलं नाही आणि मागेही घेतलं नाही. तसंच धरून ठेवलं. पूजाने पदर पसरला. इंदूताईंनी नारळ घातला, खण घातला, तांदळाची ओंजळ घातली. सावकाश, जशी पाहुण्यांची भरतात तशीच. "सुखी राहा" मात्र त्यांना म्हणता येईना. ते सुमनताई म्हणाल्या. मी त्या वेळी उभ्या जागी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कंपनीच्या वेबसाइटवरसुद्धा टाकली असती. पण पुढच्या शनिवारी इंदूताई तशाच, मोकळ्या कपाळाने, ताट घेऊन पाटावर येऊन बसल्या. "आता अशीच भरीन," म्हणाल्या. मला वाटलं, सुमनताईंची काही हरकत नसणार.

सुमनताई धावत आल्या. "इंदे, असं नगं. पाव्हणे येनार हायेत."

"लग्नात चाललं की आक्का."

"लगीन घरचं व्हतं. घरात आपन कसंबी वागू. पाव्हण्यांपुढं रीतीनं नगं का दिसाया?"

मी मध्ये पडले, काही उपयोग झाला नाही. केतन सरांना फोन लावला तर ते सुमनताईंच्याच बाजूने निघाले. क्लायंटला ट्रॅडिशनल लुक लागतो, असं त्यांचं म्हणणं. इंदूताईंनी वाद घातला नाही. ताट वैशालीच्या हातात देऊन त्या आत भाकरी करायला गेल्या.

त्यानंतर कोमलचं डोहाळजेवण गावातच झालं. तिथे पहिली ओटी इंदूताईंनी भरली, मोकळ्या कपाळाने. कोणी ब्र काढला नाही. वास्तुशांत, बारशी, सगळीकडे आता त्यांना बोलावतात. बसमध्ये कोणी बायका चढत नाहीत, त्याची गरज उरलेली नाही, सरळ घरी जातात. फक्त शनिवारी बस आली की इंदूताई आत असतात, कारण त्या परंपरेसारख्या दिसत नाहीत.

गेल्या आठवड्यात एका पाहुणीने रांगेत मला विचारलं, "तुमच्या गावात विधवा बायकांना ही ओटी भरू देतात का?"

हा प्रश्न मला पूर्वी विचारला असता, तर उत्तर सोपं होतं. आता मी घरातलं सांगू की पाहुण्यांपुढचं, हेच मला कळेना. शेवटी म्हटलं, "आत स्वयंपाकघरात इंदूताई आहेत, त्यांना विचारा." ती आत गेली नाही. तिला बैलगाडीत बसायचं होतं आणि वेळ कमी होता.